मीटरला शिवी ऐकू येत नाही

मालिकेला रोज शिव्या घालायच्या आणि रोज तीच बघायची, असा प्रेक्षक हाच त्या मालिकेचा सगळ्यात पक्का पोशिंदा असतो. कुणाला हे लागलं तर लागू दे.

भंडारा जिल्ह्यातल्या नाकाडोंगरीत कुठल्याही ओसरीवर बसा. "कालचा भाग पायला का वो?" "पायला ना बाई, तेच तेच दाखवून रायले." मग पंधरा मिनिटं मालिकेचा पंचनामा चालतो आणि तो अचूक असतो. कुठला प्रसंग उगाच ताणला, कुठल्या पात्राचा स्वभाव रातोरात फिरला, कोणती बाई सहा महिने एकाच गैरसमजात अडकून पडली, हे या बायांना मुंबई-पुण्याच्या समीक्षकांआधी कळतं. संध्याकाळ झाली की टीव्ही लागतो. तीच मालिका, तीच सासू, तोच गैरसमज.

या प्रेक्षकांना नजर आहे, बोलायला भाषा आहे आणि ठाम मतही आहे. पण ते मत ओसरीची पायरी उतरून पुढे जात नाही.

मोजतात काय?

मालिका चालली की पडली, हे बार्क नावाच्या संस्थेच्या आकड्यांवर ठरतं. २०१५ सालापासून त्यात खेडीही मोजली जातात. २०२० च्या अंदाजानुसार देशात टीव्ही असलेली घरं २१ कोटी. मीटर बसवलेली घरं गेल्या काही वर्षांत पन्नास ते साठ हजारांच्या दरम्यान. म्हणजे साधारण चार हजार घरांमागे एक मीटर. त्या घरातल्या प्रत्येकाला एकेक बटण नेमून दिलेलं असतं. टीव्हीसमोर बसलात की आपलं बटण दाबायचं. वाहिनीच्या आवाजात मिसळलेली, कानाला न जाणवणारी एक खूण मीटर ओळखतो आणि कोण काय किती वेळ बघत होतं त्याची नोंद करतो. एवढंच.

बघणारी डोळे पुसत होती की दातओठ खात होती, हे मीटरला कळत नाही. "बंद करा हा तमाशा" असं कुणी ओरडलं तरी नोंद होते ती 'पाहिलं' अशीच. आपल्या घरात मीटर नसेल, पण ज्या घरात आहे तिथली माणसं आपल्यासारखीच आहेत. तीही शिव्या देतात आणि तीही बघतात. आठवड्याच्या आकड्यांत त्या शिवीची पसंती होते, पसंतीवर जाहिरातीचा दर ठरतो आणि त्या दराच्या जोरावर गैरसमज आणखी सहा महिने लांबतो.

म्हणून पहिली गोष्ट स्पष्ट बोलू. टीव्हीच्या दुनियेत तोंडाने दिलेलं मत मोजलं जात नाही. बघणं हेच मत आणि बंद करणं हे दुसरं मत. तिसरं नाही.

ही गोष्ट कुठली?

'आई कुठे काय करते' ही मालिका डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि जवळपास पाच वर्षं चालली. तिचा मूळ ऐवज बंगाली 'श्रीमोयी'चा. 'ठरलं तर मग' ही तमिळ 'रोजा'वरून घेतलेली. दुसऱ्या भाषेतून गोष्ट घेण्यात काही वाईट नाही. 'आई कुठे काय करते'च्या पहिल्या काळात तर घरोघरच्या बायांना आपल्या न मोजलेल्या कामाचा हिशेब पहिल्यांदा पडद्यावर दिसला. तिची नायिका अरुंधती घराबाहेर पडली तेव्हा अनेक घरांत पुरुष गप्प बसले होते. ते श्रेय त्या मालिकेचं आहे आणि ते तिला द्यायलाच हवं. पण गोष्ट संपल्यानंतरही मालिका चालूच राहिली, आणि तिथे ती हरली.

दुखणं वेगळं आहे. गोष्ट कोलकात्याहून येते, चेन्नईहून येते आणि मुंबईतल्या बंगल्यात मांडली जाते. या प्रवासात भंडारा जिल्हा लागत नाही. मालिकेतल्या माणसांच्या घरी रोवणी नसते, धानाचा चुकारा अडकलेला नसतो, मोहफुलं वाळत घातलेली नसतात. मोठ्या कंपन्या असतात, पण त्यात काय बनतं ते कधीच कळत नाही. माणसं दिवसभर घरातच उभी राहून एकमेकांचं बोलणं चोरून ऐकतात. कष्ट नसलेलं जग रोज अर्धा तास बघायला लावलं की कष्ट करणाऱ्याला आपलंच जगणं दाखवण्यालायक नाही असं वाटू लागतं. मालिकांवर माझा खरा आक्षेप हाच आहे. भडक साड्या आणि तीनदा वळणारी मान, हे त्यापुढे किरकोळ आहे.

विदर्भाचा आवाज मालिकांत आलाच नाही असंही नाही. 'माझ्या नवऱ्याची बायको' २०१६ ते २०२१ चालली. तिच्यातली राधिका नागपूरची. अनिता दाते यांनी ती मनापासून उभी केली. नागपुरी हेल घेऊन बोलणारी बाई मसाल्याचा धंदा उभा करते, मोठ्या कंपनीची मालकीण होते, हे रोजच्या मोक्याच्या वेळेला महाराष्ट्राने बघितलं. छान झालं. पण एवढी कर्तबगार बाई पाच वर्षं एका फसव्या नवऱ्याच्या मागेपुढे का फिरवली? धंद्याची गोष्ट मालिकेला पुरली असती. मसाला कुटणाऱ्या हातांची, कर्जाची, पहिल्या ऑर्डरची गोष्ट कुठल्याही लफड्यापेक्षा जास्त रंगली असती.

मालवणीचं बघा. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ मध्ये आली आणि सिंधुदुर्गातल्या आकेरीच्या वाड्यातली भाषा गडचिरोलीपर्यंत पोचली. कुणाला अडचण झाली नाही. अण्णा नाईकांचं बोलणं लोकांनी पाठ केलं. सातारी-कोल्हापुरी बोलीतल्या मालिका तर आपण वर्षानुवर्षं बघतोय. मग पूर्व विदर्भाच्या झाडीबोलीनेच कुणाचं काय बिघडणार आहे? साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा शब्दकोश केला, तिच्यातल्या दंडार या लोकनाट्याचा अभ्यास केला. शब्द तयार आहेत, बोलणारी माणसं तयार आहेत. त्यातही नाकाडोंगरीसारख्या सीमेवरच्या गावात झाडी, पोवारी, गोंडी, हिंदी एकाच बाजारात ऐकू येतात. एवढा भाषेचा खजिना असताना पूर्व विदर्भाचा माणूस पडद्यावर येतो तो बहुधा हशा पिकवायला. तो तोंड उघडतो, प्रेक्षक हसतात, तो निघून जातो. त्याला रडताना, विचार करताना, निर्णय घेताना दाखवणारी मालिका मराठीने अजून आपल्याला द्यायची आहे.

'स्थळ': बघाच

आता चांगल्या गोष्टीकडे येऊ. जयंत दिगंबर सोमलकर यांचा 'स्थळ' ७ मार्च २०२५ रोजी चित्रपटगृहांत आला. त्याआधी २०२३ मध्ये टोरंटोच्या महोत्सवात त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला होता. चित्रीकरण चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचं, काम करणारी माणसं त्याच भागातली, भाषा तिथलीच. नंदिनी चिकटे हिने सविता केली आहे. सविता शिकतेय, तिला पुढे शिकायचंय आणि घरात तिच्या लग्नाची घाई आहे. पाहुणे येतात. मुलगी समोर बसते. नाव काय, उंची किती, शिक्षण किती, मामाचं गाव कोणतं. पाहुणे जातात. दुसरे येतात. तेच प्रश्न.

मालिकाही तेच तेच दाखवते आणि 'स्थळ'ही तेच तेच दाखवतो. फरक असा की मालिकेतला पुनरुच्चार वेळ काढतो, 'स्थळ'मधला पुनरुच्चार छातीवर दगड ठेवत जातो. दर वेळी प्रश्न तेच राहतात आणि मुलीच्या चेहऱ्यावरचं काहीतरी कमी होत जातं. सिनेमाची सुरुवात मुली मुलाला बघायला येतात अशा उलट्या प्रसंगाने होते. थिएटरात लोक त्यावर हसतात. पुढे तेच प्रश्न सविताला विचारले जातात तेव्हा हसू येत नाही. ही दिग्दर्शकाची खरी करामत.

बापाच्या बाजूने कापसाचा भाव आहे. भाव पडला की हुंडा अडतो, हुंडा अडला की लग्न अडतं, लग्न अडलं की मुलीचं शिक्षणही कुणाच्या डोळ्यांत खुपू लागतं. शेतमालाचा भाव आणि मुलीचं आयुष्य यांची गाठ मराठी पडद्यावर इतकी साधेपणाने क्वचित बांधली गेली असेल. कापसाच्या जागी धान ठेवा, ही गोष्ट तुमसर तालुक्याची होते. आपल्याकडे दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावजत्रा भरते, पाहुणे येतात, आणि त्यातले सगळेच काही नाटक बघायला येत नाहीत. सोयरिकी तिथेच जुळतात. म्हणून हा सिनेमा मंडईला आलेल्या प्रत्येक पाहुण्याने मुलगी बघायला जाण्याआधी बघावा. माझं मत विचाराल तर गेल्या काही वर्षांतला हा सगळ्यात गरजेचा मराठी सिनेमा आहे.

खाण, जंगल आणि पडदा

'दशावतार' १२ सप्टेंबर २०२५ रोजी लागला. सुबोध खानोलकरांचा सिनेमा. ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर त्यात बाबुली मेस्त्री या दशावतारी कलावंताच्या भूमिकेत जे काही करतात, त्यासाठी तिकीट काढावं. कोकणातल्या जमिनीवर खाणीची नजर पडते आणि आयुष्यभर देवांची सोंगं घेतलेला म्हातारा उभा ठाकतो. लोककला, जंगल, देव आणि खाण एका धाग्यात ओवल्यामुळे लोकांनी तो उचलून धरला. बरोबर केलं.

पण नाकाडोंगरीच्या बाजूने बघताना एक कमतरता जाणवते. सिनेमात खाण बाहेरून येते आणि ती सरळ राक्षस ठरते. इथून जवळच डोंगरी बुजुर्गची मँगनीजची उघडी खाण आहे, पलीकडे चिखल्याची भूमिगत खाण आहे. इथल्या घरांत आजोबांनी खाणीत काम केलं, बापाने केलं, त्या पगारावर पोरं शिकली. ज्या खाणीने डोंगर खाल्ला तिनेच चूलही पेटवली. असा सिनेमा लिहायला कितीतरी अवघड आहे, कारण त्यात दुष्ट कोण हे मध्यंतरापर्यंत ठरत नाही. पण तो जास्त खरा असेल. 'दशावतार'च्या यशानंतर कुणा निर्मात्याला खाणीची गोष्ट पुन्हा सांगावीशी वाटली तर त्याने या बाजूला यावं.

डोंगरी बुजुर्गचं मँगनीज डायऑक्साइड बॅटरीच्या सेलसाठी जातं. मॉइल या मँगनीज कंपनीचा त्यासाठीचा कारखानाही तिथेच आहे. रिमोटमधल्या सेलला आमची माती चालते. त्या रिमोटने लागणाऱ्या पडद्यावर आमचं गावही चाललं पाहिजे.

आता 'शेरनी'. अमित मसुरकरांचा हिंदी सिनेमा, २०२१ मध्ये थेट मोबाइल-टीव्हीच्या ॲपवर आला. त्यामागची ठिणगी यवतमाळच्या पांढरकवड्याची. टी-१ म्हणजेच अवनी वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी मारली गेली, त्या घटनेची सावली या सिनेमावर आहे. चित्रीकरण मात्र मध्य प्रदेशात, त्यात बालाघाट जिल्हाही आला. बावनथडी नदी ओलांडली की आपल्यासमोर तोच जिल्हा. विद्या बालन यांची वनाधिकारी आरडाओरडा करत नाही, उडी मारून कुणाला वाचवत नाही. ती फायली, पुढारी, शिकारी आणि वरिष्ठ यांच्यामधून वाट काढत राहते आणि शेवटी वाट संपते. वाघिणीला अभयारण्याकडे जायचंय आणि मध्ये खाणीचा खड्डा आहे, हे एक दृश्य दहा भाषणांच्या तोडीचं आहे. नाकाडोंगरीचं स्वतःचं वनपरिक्षेत्र आहे. पहाटे मोहफुलं वेचायला, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जंगलात जाणाऱ्या बाईला हा सिनेमा समजावून सांगावा लागत नाही.

माझी तक्रार 'शेरनी'बद्दल नाहीच, ती मराठी निर्मात्यांबद्दल आहे. घटना यवतमाळची, जंगल शेजारच्या जिल्ह्याचं, माणसं आपल्यासारखी, आणि सिनेमा हिंदीत झाला. मराठीत हा विषय कुणाला सुचला नाही की परवडला नाही?

'छावा': अर्धं समाधान

'छावा' १४ फेब्रुवारी २०२५ ला आला आणि गावंच्या गावं गाड्या करून बघायला गेली. विकी कौशलने जीव ओतला आहे, शेवटचा भाग बघताना घसा दाटतो, हे कबूल. पण शिवाजी सावंतांच्या कादंबरीचं नाव घेऊन आलेल्या सिनेमात लढाया फार आणि माणूस कमी. कोवळ्या वयात संस्कृतात 'बुधभूषण' रचणारा, अनेक भाषा जाणणारा राजा यात ओझरता भेटतो. आपल्या मुलांनी संभाजी महाराजांची तलवार बघितली, त्यांची लेखणी बघायची राहिली. थिएटरातून बाहेर पडून घोषणा देणाऱ्या प्रत्येक पोराला एक विनंती आहे. तालुक्याच्या वाचनालयात जा आणि कादंबरी घरी आण.

जिथे मत लगेच पोचतं

ज्यांना वाटतं की खेड्यातल्या प्रेक्षकाला चांगलं-वाईट कळत नाही, त्यांनी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचं नाटक बघावं आणि प्रेक्षकांकडेही बघावं. दिवाळीनंतर सुरू होणारा हा मोसम उन्हाळा लागेपर्यंत चालतो. वडशात म्हणजे देसाईगंजात नाटक कंपन्यांची कार्यालयं रांगेने आहेत. गावोगावची मंडळं तिथे जाऊन नाटक ठरवतात. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत रंगतो. गाणं समोर गायलं जातं, वाद्यं समोर वाजतात, आणि हजारो माणसं तिकीट काढून, शाली पांघरून थंडीत बसतात. याच रंगभूमीवर सुमारे ५,००० प्रयोग केलेल्या गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

इथे प्रेक्षकाच्या मताला मीटर लागत नाही. नाटक पडलं तर मंडपातच कळतं. पुढच्या वर्षी त्या कंपनीला गाव बोलावत नाही आणि ही बातमी शेजारच्या गावात कंपनीच्या गाडीआधी पोचते. दारू, हुंडा, शेतकऱ्याचं कर्ज, अंधश्रद्धा हे विषय या रंगमंचावर वर्षानुवर्षं आहेत, कारण समोर बसलेल्यांच्या घरात ते आहेत. दोषही आहेत आणि ते झाकू नयेत. काही नाटकं दुअर्थी विनोदावर आणि मध्येच घुसवलेल्या नाचावर वेळ मारून नेतात. चांगली संहिता असलेल्या नाटकालाही या मोहाचा त्रास होतो. ज्या प्रेक्षकाने या रंगभूमीला जगवलं त्यानेच हेही थांबवावं. त्याच्या हातात ती ताकद आहे.

या दुनियेवर तृषांत इंगळे यांनी 'झॉलीवूड' केला, जून २०२२ मध्ये तो प्रदर्शित झाला. 'शेरनी'वाले अमित मसुरकर त्याच्या मागे उभे राहिले. कंपन्यांमधली चुरस, पडद्यामागची ओढाताण, रात्रभर जागणारे नट आणि नट्या, हे सगळं झाडीपट्टीतल्याच कलावंतांनी केलं आहे. सिनेमा काही जागी विस्कळीत होतो, गोष्टी जास्त आणि धागा कमी पडतो. तरीही त्यातला एकही चेहरा उसना वाटत नाही. पडद्यावर स्वतःला बघण्याचा हक्क या भागाला या सिनेमाने दिला आणि त्याची पावती आपण पुरेशी दिली नाही.

आता तुमची पाळी

मत असणं पुरेसं नाही, ते तिथे ठेवावं लागतं जिथे त्याचा परिणाम होतो. जी मालिका तुम्हाला खोटी वाटते ती बंद करा. सवय मोडायला चार दिवस जड जातील, पाचव्या दिवशी जेवण वेळेवर होईल. जो सिनेमा चांगला वाटला त्याचं तिकीट काढून बघा, ॲपवर असेल तर पूर्ण बघा, आणि किमान दोन घरांत जाऊन सांगा. वाहिन्यांना पत्र लिहा आणि त्यात एकच प्रश्न विचारा: झाडीबोलीतली, धानाच्या बांधावरची, कष्ट करणाऱ्या माणसांची मालिका कधी करणार?

ज्या बाया मालिकेतला खोटेपणा पाच मिनिटांत ओळखतात, त्यांच्यापैकीच कुणीतरी उद्या लिहायला बसावं, ही माझी सगळ्यात मोठी इच्छा आहे. मुंबईतले लेखक इथे येण्याची वाट बघण्यात आपण पुष्कळ वर्षं घालवली. शाळेच्या वहीत लिहा, जसं बोलता तसंच लिहा, शुद्धलेखन नंतर बघू. आणि तोवर या आठवड्यापुरतं एवढं करा: एक मालिका बंद, 'स्थळ' पाहायचा, आणि झाडीपट्टीच्या एका नाटकाचं तिकीट काढायचं.